आयबीएम आय वर नवीन डेटाबेस फाइल डेफिनिशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९८८ साली एएस/४०० या नावानं आलेल्या मशीनवरची ऑपरेटिंग सिस्टिम २००८ पासून आयबीएम आय म्हणून ओळखली जाते. बँका, विमा कंपन्या आणि कारखाने आजही तिच्यावर चालतात. त्यांचं काम पुण्या-मुंबईत बसून सांभाळणाऱ्या टीममध्ये नवा माणूस आला की पहिल्या काही आठवड्यांतच त्याच्याकडे "एक नवीन पीएफ बनव" असं काम येतं. पीएफ म्हणजे फिजिकल फाइल, प्रत्यक्ष डेटा ठेवणारी फाइल. हे पान त्या कामासाठी आहे. आदेश आणि कीवर्ड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. स्क्रीनवर ते रोमन कॅपिटल अक्षरांतच टाइप करायचे. "स्टार" असं लिहिलं आहे तिथे ताऱ्याचं चिन्ह समजायचं.

डेफिनिशन म्हणजे नक्की काय? ती राहते कुठे?

दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिली म्हणजे सोर्स मेंबर. यात डीडीएसच्या (फाइलची रचना लिहिण्याच्या ठरलेल्या पद्धतीच्या) ओळी असतात आणि हा मेंबर सहसा क्यूडीडीएसएसआरसी नावाच्या सोर्स फाइलमध्ये ठेवतात. दुसरी म्हणजे त्या ओळी कंपाइल करून तयार झालेलं फाइल ऑब्जेक्ट. प्रत्यक्ष डेटा या ऑब्जेक्टमध्ये असतो. सोर्स बदलून सेव्ह केला तरी ऑब्जेक्ट बदलत नाही, आणि सोर्स डिलीट झाला तरी ऑब्जेक्ट चालूच राहतो.

सोर्स फाइल नसेल तर सीआरटीएसआरसीपीएफनं बनवा. रेकॉर्डची लांबी डीफॉल्ट ९२ असते: ६ क्रमांकासाठी, ६ तारखेसाठी आणि ८० तुमच्या ओळीसाठी. डीडीएसला एवढी पुरते.

टाइप करायला बसण्यापूर्वी काय ठरवायचं?

रेकॉर्ड कशानं शोधला जाणार, ती किंमत दोन रेकॉर्डमध्ये सारखी येऊ शकते का, प्रत्येक आकडा जास्तीत जास्त किती मोठा होईल, आणि कोणती फील्ड पुढे वाढण्याची शक्यता आहे. एवढी उत्तरं कागदावर असल्याशिवाय एडिटर उघडू नये, असं आमचं ठाम मत आहे. या सिस्टिमवर फाइलची रचना ती वापरणाऱ्या प्रत्येक आरपीजी (इथली नेहमीची प्रोग्रॅमिंग भाषा) प्रोग्रॅममध्ये कंपाइलच्या वेळी कोरली जाते. फाइलमध्ये डेटा नसेल तेव्हा लांबी बदलणं दोन मिनिटांचं काम आहे. सहा महिन्यांनी त्याच बदलासाठी चाळीस प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करावे लागू शकतात.

लांबी ठरवताना भारतीय डेटासाठी काही ठरलेले आकडे आहेत का?

आहेत. पॅन १० अक्षरं, जीएसटीआयएन १५, आयएफएससी ११, पिनकोड ६. मोबाइल नंबर अक्षरी फील्डमध्येच ठेवा, किमान १५ लांबीचा. त्यावर बेरीज-वजाबाकी कधीच होत नाही, आणि अधिकचं चिन्ह किंवा पुढचं शून्य आकडी फील्डमध्ये टिकत नाही.

रकमेसाठी ९,२ (एकूण ९ अंक, त्यांतले २ दशांश) घेतलं तर एक कोटीच्या आतलीच रक्कम बसते. ११,२ मध्ये शंभर कोटींच्या आतली बसते. एकूण बेरजा साठवणाऱ्या फील्डला १३,२ किंवा १५,२ द्या.

डीडीएसच्या ओळीत कुठल्या कॉलमला काय लिहायचं?

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून सविस्तर सांगतो. ६ व्या जागी "ए" लिहायचा. ७ व्या जागी तारा टाकला तर ती ओळ कॉमेंट होते. १७ वी जागा ओळीचा प्रकार सांगते: रेकॉर्ड फॉरमॅटसाठी (रेकॉर्डमधल्या फील्डची मांडणी) "आर", कीसाठी (रेकॉर्ड शोधायची फील्ड) "के", साध्या फील्डसाठी रिकामी. नाव १९ ते २८ मध्ये येतं, म्हणजे जास्तीत जास्त १० अक्षरं. २९ व्या जागी "आर" असेल तर फील्डची माहिती दुसऱ्या फाइलवरून घेतली जाते.

लांबी ३० ते ३४ मध्ये उजवीकडे टेकवून लिहायची. ३५ वर डेटाचा प्रकार. ३६-३७ मध्ये दशांश स्थळं. ४५ ते ८० ही जागा कीवर्डची. कीवर्ड एका ओळीत मावत नसेल तर शेवटी अधिक किंवा वजा चिन्ह देऊन पुढच्या ओळीवर जाता येतं. वजा दिलं तर पुढची ओळ थेट ४५ व्या जागेपासून धरली जाते, अधिक दिलं तर तिच्यातल्या पहिल्या अक्षरापासून. मजकूर दोन ओळींत तुटत असेल तर हा फरक लगेच जाणवतो: वजा वापरल्यास मधल्या रिकाम्या जागाही मजकुरात शिरतात.

कॉलम मोजत बसू नका. एसईयूमध्ये (सिस्टिमवरचा जुना एडिटर) ओळीवर एफ४ दाबलं की खाली प्रॉम्प्ट उघडतो आणि प्रत्येक गोष्टीला वेगळी चौकट मिळते. आरडीआय या पीसीवरच्या साधनाच्या एडिटरमध्येही एफ४ हेच काम करतं.

एक पूर्ण उदाहरण द्याल का?

ग्राहकांची मास्टर फाइल घेऊ. तिचं नाव ग्राहकपी.

पहिली ओळ फाइल पातळीची: नावाची जागा रिकामी आणि ४५ पासून कीवर्ड युनिक (एकच की दोनदा येऊ न देणारा).

दुसरी ओळ: १७ वर "आर", नाव ग्राहकआर, कीवर्ड टेक्स्ट आणि कंसात एकेरी अवतरणात 'ग्राहक मास्टर' असं वर्णन.

मग फील्ड. जीआरकोड: लांबी ७, प्रकार "पी" (पॅक्ड आकडा), दशांश ०. जीआरनाव: ४०, "ए" (अक्षरी). जीआरजीएसटी: १५, "ए". जीआरबाकी: ११, "पी", दशांश २. जीआरतारीख: प्रकार "एल" (तारीख), लांबी रिकामी. प्रत्येकाला सीओएलएचडीजी (कॉलमचं शीर्षक) द्या. त्यात प्रत्येकी २० अक्षरांची तीन शीर्षकं बसतात आणि क्वेरीच्या रिपोर्टमध्ये हीच शीर्षकं दिसतात.

शेवटची ओळ: १७ वर "के", नाव जीआरकोड.

कंपाइल झाल्यावर रेकॉर्डची लांबी ७५ यायला हवी: ४ अधिक ४० अधिक १५ अधिक ६ अधिक १०. डीएसपीएफएफडी चालवून हा आकडा पडताळा. वेगळा आला तर कुठल्या तरी फील्डचा प्रकार किंवा लांबी चुकलेली आहे.

रेकॉर्ड फॉरमॅटला फाइलचंच नाव दिलं तर चालेल का?

फाइल बनेल, पण आरपीजी प्रोग्रॅम अडेल. आरपीजीला फाइल आणि फॉरमॅट यांची नावं वेगळी लागतात, नाहीतर प्रत्येक प्रोग्रॅममध्ये रीनेम कीवर्ड लिहावा लागतो. शेवटी "आर" लावण्याची पद्धत त्यामुळेच रुळली.

पॅक्ड घ्यायचं की झोन्ड? लांबी विषम ठेवा असं का सांगतात?

झोन्डमध्ये प्रत्येक अंकाला एक बाइट जातो. पॅक्डमध्ये एका बाइटमध्ये दोन अंक बसतात आणि शेवटचा अर्धा बाइट चिन्हासाठी राखलेला असतो. त्यामुळे ८,० आणि ९,० दोन्हींना ५ बाइटच लागतात. ८ घेऊन एक अंक वाया घालवण्यापेक्षा ९ घ्या. प्रकाराची जागा रिकामी ठेवून फक्त दशांश दिले तर फिजिकल फाइलमध्ये सिस्टिम पॅक्ड धरते, आणि दशांशही रिकामे असतील तर अक्षरी. "मी आकडी फील्ड केली होती, ती अक्षरी कशी झाली?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा यातच असतं: ३७ व्या जागी ० लिहायचं राहिलेलं असतं.

फाइल बाहेरच्या सिस्टिमला टेक्स्ट म्हणून जाणार असेल तर झोन्ड सोयीचं पडतं. बाकी सगळीकडे पॅक्ड.

तारीख ८ अंकी आकड्यात ठेवायची की तारीख प्रकारात?

नवीन फाइल असेल तर तारीख प्रकारातच, म्हणजे "एल". आकडी फील्डमध्ये ३१ फेब्रुवारीही आरामात बसतो. डीएटीएफएमटी (तारखेचा फॉरमॅट) स्टार आयएसओ ठेवा. त्यात वर्ष चार अंकी असतं. स्टार वायएमडीसारखे दोन अंकी वर्षाचे फॉरमॅट फक्त १९४० ते २०३९ एवढाच काळ ओळखतात. ३० वर्षांच्या विमा पॉलिसीची किंवा गृहकर्जाची अखेरची तारीख २०३९ च्या पुढे सहज जाते.

आणखी एक बारकावा. डीएफटी (डीफॉल्ट किंमत) दिलं नाही तर अक्षरी फील्ड रिकामी आणि आकडी फील्ड शून्य भरली जाते, पण तारखेच्या फील्डमध्ये आजची तारीख जाते. "तारीख माहीत नाही" हे दाखवायचं असेल तर डीएफटीमध्ये ठरलेली तारीख द्या किंवा एएलडब्ल्यूनल (नल, म्हणजे किंमतच नसलेली फील्ड, चालू देणारा कीवर्ड) वापरा. एएलडब्ल्यूनल वापरलं तर आरपीजी प्रोग्रॅमच्या कंट्रोल ओळीत एएलडब्ल्यूनल स्टार यूएसआरसीटीएल हवं. ते नसेल तर पहिला नल रेकॉर्ड वाचतानाच प्रोग्रॅम एरर देतो.

फील्ड रेफरन्स फाइल म्हणजे काय? लहान प्रोजेक्टला ती लागते का?

सगळ्या फील्डच्या लांब्या आणि शीर्षकं एकाच फाइलमध्ये ठेवायची, आणि इतर डेफिनिशनमध्ये आरईएफ आणि आरईएफएफएलडीनं तिच्याकडे बोट दाखवायचं. या फाइलमध्ये डेटा नसतो. दोन-तीन फाइल असल्या तरी ती बनवाच, कारण ग्राहक क्रमांक एका फाइलमध्ये ७ आणि दुसरीत ९ असा घोळ तिच्यामुळे टळतो. माहिती कंपाइलच्या क्षणी उचलली जाते, हे मात्र लक्षात असू द्या. रेफरन्स फाइल नंतर बदलली तरी आधी बनलेल्या फाइल आपोआप बदलत नाहीत.

कंपाइल करताना कुठले पॅरामीटर बघायचे?

पीडीएममध्ये (मेंबरची यादी दाखवणारं साधन) मेंबरसमोर १४ टाकून एफ४ दाबा, म्हणजे सीआरटीपीएफचे सगळे पॅरामीटर समोर येतील.

साइज: डीफॉल्टमध्ये सुरुवातीला १०,००० रेकॉर्ड, मग १,००० ची वाढ तीनदा. एकूण १३,०००. मास्टर किंवा व्यवहाराच्या फाइलसाठी हे फारच थोडं आहे. स्टार नोमॅक्स (कमाल मर्यादा नाही) द्या, किंवा निदान वाढीचा आकडा मोठा ठेवा.

आरईयूएसईडीएलटी: डीफॉल्ट नो, म्हणजे डिलीट केलेल्या रेकॉर्डची जागा अडकून राहते आणि ती मोकळी करायला आरजीझेडपीएफएम चालवावं लागतं. येस केलं तर ती जागा पुन्हा वापरली जाते, पण मग रेकॉर्ड आले त्याच क्रमानं वाचता येतील याची खात्री उरत नाही. की असलेल्या फाइलला येसच बरं.

एलव्हीएलसीएचके (लेव्हल चेक): येस आहे, येसच राहू द्या. कारण पुढे येईल.

पीडीएम विचारतं, आधीचा ऑब्जेक्ट डिलीट करू का? वाय दाबू?

फाइलमध्ये डेटा असेल तर अजिबात नको. प्रोग्रॅम कंपाइल करताना वाय दाबायची बोटांना सवय झालेली असते. फाइलच्या बाबतीत वाय म्हणजे आतला सगळा डेटा गेला. त्याबरोबर फाइलवर दिलेले खासगी अधिकार, ट्रिगर आणि जर्नलिंगही (बदलांची नोंद ठेवणं) जातं. फाइलवर लॉजिकल फाइल (तोच डेटा वेगळ्या क्रमानं किंवा निवडक फील्डसह दाखवणाऱ्या) अवलंबून असतील तर सिस्टिम डिलीट नाकारते. पण लॉजिकल नसलेल्या फाइलला तेवढंही संरक्षण नाही.

सीपीएफ७३०२ आला, फाइल बनलीच नाही. आता?

हा मेसेज फक्त "बनली नाही" एवढंच सांगतो. खरं कारण मेंबरच्या नावाच्या स्पूल फाइलमध्ये (छापण्यासाठी तयार झालेलं लिस्टिंग) असतं. ती उघडा, शेवटी जा आणि सीपीडीनं सुरू होणारे मेसेज वाचा. २० किंवा त्यावरच्या तीव्रतेची एकही चूक असेल तर फाइल बनत नाही.

नेहमीची कारणं अशी. एक अक्षर सरकल्यामुळे लांबी चुकीच्या कॉलममध्ये गेलेली असते. युनिक हा कीवर्ड "आर"च्या ओळीखाली लिहिलेला असतो, तर तो वर, फाइल पातळीवर हवा. "के"च्या ओळीतलं नाव फील्डच्या नावाशी तंतोतंत जुळत नाही. मजकुराच्या आतलं एकेरी अवतरण दोनदा लिहिलेलं नसतं. आणि रेफरन्स फाइल लायब्ररी लिस्टमध्ये सापडत नाही. ही चूक एका फाइलमुळे होते, पण लिस्टिंगमध्ये वीस-पंचवीस एरर दाखवते. म्हणून नेहमी सर्वांत वरची चूक आधी दुरुस्त करा.

रात्रीचा जॉब एमएसजीडब्ल्यूमध्ये (मेसेजच्या उत्तराची वाट पाहत) अडकला, मेसेज सीपीए५३०५.

फाइल भरली: १३,००० ची मर्यादा संपली. उत्तरात "आय" दिलं तर फाइल ठरलेल्या वाढीनं मोठी होते आणि जॉब पुढे सरकतो. "सी" दिलं तर तो रेकॉर्ड लिहिलाच जात नाही. तात्पुरतं "आय" द्या आणि फाइल मोकळी झाल्यावर सीएचजीपीएफनं साइज स्टार नोमॅक्स करा. यासाठी सोर्स लागत नाही, डेटालाही धक्का लागत नाही.

फाइलमध्ये डेटा आहे आणि नवीन फील्ड घालायची आहे. सुरक्षित क्रम कोणता?

आधी डीएसपीडीबीआरनं कोणत्या लॉजिकल फाइल अवलंबून आहेत ते पाहा. डीएसपीपीजीएमआरईएफचं आउटपुट फाइलमध्ये काढून कोणते प्रोग्रॅम ही फाइल वापरतात त्याची यादी करा. सीपीवायएफनं डेटाची प्रत घ्या. नवी फील्ड सोर्समध्ये शेवटी जोडा. फाइल कुणी उघडलेली नाही हे डब्ल्यूआरकेओबीजेएलसीकेनं बघा, कारण पुढच्या पायरीला फाइलवर एकट्याचा ताबा लागतो.

मग सीएचजीपीएफ, आणि त्यात सोर्स फाइल व सोर्स मेंबरची नावं. सिस्टिम नवी रचना बनवते, डेटा आत आणते आणि लॉजिकल फाइलही सांभाळते. मोठ्या फाइलला वेळ लागतो आणि डिस्कवर दुसऱ्या प्रतीएवढी मोकळी जागा लागते.

सीएचजीपीएफ फील्ड नावानं जुळवतं. जीआरनाव बदलून जीआरपूर्णनाव केलं, तर सिस्टिमच्या लेखी जुनी फील्ड गेली आणि नवी रिकामी आली. अशा वेळी सीपीए३२बी२ येतो: डेटा जाऊ शकतो, पुढे जाऊ का? हा मेसेज अनपेक्षितपणे दिसला तर "सी" देऊन थांबा आणि सोर्स पुन्हा तपासा.

शेवटी यादीतले सगळे प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करा.

कंपाइल केलं नाही तर काय होईल? सीपीएफ४१३१ म्हणजे हेच का?

हेच. प्रत्येक फॉरमॅटला एक लेव्हल आयडी असतो. फॉरमॅटचं नाव, फील्डची नावं, क्रम, लांब्या आणि प्रकार यांवरून तो ठरतो. टेक्स्ट किंवा शीर्षक बदलल्यानं तो बदलत नाही, की बदलल्यानंही नाही. प्रोग्रॅमकडे जुना आयडी आणि फाइलकडे नवा, असं झालं की उघडतानाच सीपीएफ४१३१ येतो.

"लेव्हल चेक बंद करून टाक" हा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. तो मानू नका. तपासणी बंद केली की प्रोग्रॅम नव्या रेकॉर्डला जुन्या मापानं कापतो. मधली एखादी फील्ड वाढलेली असेल तर पुढच्या सगळ्या किमती सरकतात, आणि चुकीची रक्कम एररशिवाय लिहिली जाते. थांबलेला जॉब सकाळी दिसतो, पण चुकलेली बाकी तिमाहीच्या हिशेबापर्यंत दिसत नाही.

ज्या लॉजिकल फाइलमध्ये स्वतःची फील्ड यादी लिहिलेली आहे, तिचा फॉरमॅट नवीन फील्डमुळे बदलत नाही. जुने प्रोग्रॅम अशा लॉजिकलमधूनच वाचत असतील तर त्यांना हात लावावा लागत नाही. मोठ्या आयटी विभागांत ही रचना मुद्दाम करून ठेवतात.

एमसीएच१२०२, डेसिमल डेटा एरर. फाइल तर बरोबर आहे!

रचना बरोबर असली तरी आतला डेटा वाईट असू शकतो. डीडीएसनं बनलेली फाइल आकडी फील्ड लिहिताना तपासत नाही. सीपीवायएफमध्ये एफएमटीओपीटी स्टार नोचेक देऊन बाइट जसेच्या तसे ओतले, तर पॅक्ड फील्डमध्ये रिकाम्या जागा जातात. रिकामी जागा म्हणजे हेक्स ४०; तिचा शेवटचा अर्धा बाइट ०, आणि ० हे वैध चिन्ह नाही. वाचताना प्रोग्रॅम पडतो. कॉपी करताना स्टार मॅप आणि स्टार ड्रॉप वापरा.

मराठी नावं देवनागरीत साठवायची आहेत.

साधी "ए" फील्ड ईबीसीडिक या आयबीएमच्या जुन्या अक्षरसंकेतात असते, तिथे देवनागरी टिकणार नाही. "जी" प्रकार आणि सीसीएसआयडी (अक्षरसंकेताचा क्रमांक) १२०० घ्या, म्हणजे यूटीएफ-१६. यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला २ बाइट लागतात. सीसीएसआयडी १२०८, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये ३.

लांबी डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांवरून मोजू नका. "महाराष्ट्र" चार अक्षरांचा दिसतो, पण काने आणि हलन्त धरून १० चिन्हं होतात: "जी"मध्ये लांबी १०, यूटीएफ-८ मध्ये ३०. पूर्ण नावासाठी "जी" ८० च्या खाली जाऊ नका.

इंग्रजी कोडपेजच्या हिरव्या स्क्रीनवर ही अक्षरं दिसणार नाहीत, म्हणून डेटा बिघडला असं समजू नका. एसक्यूएलमध्ये हेक्स फंक्शन लावून बघा. "म"च्या जागी ०९२ई दिसलं तर डेटा ठीक आहे. सीसीएसआयडी ६५५३५ मात्र टाळा. त्याचा अर्थ "रूपांतर करू नका" असा आहे, आणि मग पीसीवर कचरा दिसतो.

एसक्यूएल७००८ का येतो?

बहुतेक वेळा कारण एकच असतं: फाइल जर्नल होत नाही आणि प्रोग्रॅम कमिटमेंट कंट्रोलखाली (बदल एकत्र पक्के किंवा रद्द करण्याची सोय) चालतो. सीआरटीजेआरएनआरसीव्ही, सीआरटीजेआरएन आणि मग एसटीआरजेआरएनपीएफ, या क्रमानं जर्नलिंग सुरू करा. क्रिएट स्कीमानं बनवलेल्या लायब्ररीत क्यूएसक्यूजेआरएन आधीच असतं आणि एसक्यूएलनं तिथे बनवलेली टेबलं आपोआप जर्नल होतात. सीआरटीलिबनं बनवलेल्या लायब्ररीत ती सोय नसते.

आता नव्या फाइलसाठी डीडीएस वापरायचं की एसक्यूएल?

अगदी नवी फाइल असेल आणि टीमची तयारी असेल तर एसक्यूएलचं क्रिएट टेबल. ते लिहितानाच डेटा तपासतं, डिलीट झालेली जागा आपसूक वापरतं, आणि आपोआप वाढणारा क्रमांक देणारे आयडेंटिटी कॉलम देतं. डीडीएसमध्ये ते नाहीतच. दोन गोष्टी विसरू नका. आरसीडीएफएमटी देऊन फॉरमॅटला वेगळं नाव द्या, नाहीतर टेबलचंच नाव लागेल आणि आरपीजी अडेल. आणि १० पेक्षा लांब कॉलम नावांना फॉर कॉलमनं छोटं नाव द्या, नाहीतर सिस्टिम पाच अक्षरांपुढे आकडे लावून स्वतःच नाव बनवेल आणि ते प्रोग्रॅममध्ये वाचून काही कळणार नाही.

जुन्या डीडीएस फाइलचा एसक्यूएल हवा असेल तर क्यूएसवायएस२ मधली जनरेट एसक्यूएल ही प्रोसीजर तो काढून देते. पण जुन्या ॲप्लिकेशनमध्ये एखादीच फाइल वाढवायची असेल, बाकी शंभर फाइल डीडीएसमध्ये असतील आणि रेफरन्स फाइलही असेल, तर डीडीएसच वापरा.

एसईयू, आरडीआय की व्हीएस कोड?

एसईयू आणि पीडीएम ६.१ आवृत्तीनंतर वाढवलेले नाहीत. लहान दुरुस्तीला ते पुरतात. आरडीआयला परवाना लागतो. कंपाइलच्या चुका तिथे वेगळ्या यादीत येतात आणि चुकीवर क्लिक केलं की थेट त्या ओळीवर जाता येतं. व्हीएस कोडचं कोड फॉर आयबीएम आय हे एक्स्टेन्शन मोफत आणि मुक्तस्रोत आहे. कुठलंही वापरलं तरी शेवटी सर्व्हरवर चालतो तो सीआरटीपीएफच, त्यामुळे वरची सगळी उत्तरं तिन्हींना लागू आहेत.